रोटरी इंजिन अडखळते तेव्हा

पिस्टनचे इंजिन थोडेफार थरथरणार, हे आपण धरूनच चालतो. मिनिटाला हजारो वेळा पिस्टन वर जातो, थांबतो, उलट दिशेने खाली येतो आणि त्या ओढाताणीचा हादरा साऱ्या सांगाड्याला बसतो. रोटरी इंजिनात असे मागेपुढे धावणारे काहीच नसते. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेवरून एनएसयू कंपनीत १९५७ साली असे पहिले इंजिन चालले आणि पुढे जपानच्या माझदा कंपनीने ते मोटारींत बसवून जगभर विकले. त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर, कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल घरात, एका दंडाभोवती फिरत राहतो. झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाहीत. म्हणून हे इंजिन खडबडीत चालू लागले, गॅरेजच्या भाषेत मिसिंग मारू लागले, तर त्या थरथरीला पिस्टनच्या थरथरीपेक्षा जास्त वजन द्यायला हवे. या लेखात मांडायचे आहे ते इतकेच: ही खडखड नीट वाचली तर बिघाडाचा पत्ता ती स्वतःच सांगते, आणि हे इंजिन घरी बांधलेल्या विमानात बसवले असेल तर तो पत्ता इंजिनाच्या पोटात शोधण्याआधी बांधणाऱ्याने इंजिनाभोवती जे उभारले आहे त्यात शोधावा.

घरी विमान बांधण्याचा हा सारा मामला मुख्यतः अमेरिकेतला आहे. तिथे १९५३ साली स्थापन झालेल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनमुळे गॅरेजमध्ये विमान बांधण्याच्या छंदाला संघटित रूप आले. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेले असले की ते प्रायोगिक म्हणून नोंदवता येते. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंद झाली, तेव्हा मराठी वाचकांना या जगाची थोडी ओळख झाली. या विमानांना प्रमाणित इंजिनाची सक्ती नाही. त्यामुळे काही जण विमानासाठीच बनवलेले महागडे इंजिन न घेता माझदा आरएक्स-७ मोटारीतले १३बी इंजिन बसवतात. दोन रोटर, १३०८ घनसेंटिमीटर. १९८९ च्या टर्बो नसलेल्या मोटारीत ते ७००० फेऱ्यांना १६० अश्वशक्ती देत असे. पंखा इतक्या वेगाने फिरवला तर पात्यांची टोके ध्वनीच्या वेगापलीकडे जातील, म्हणून मध्ये वेग कमी करणारा गिअरबॉक्स लागतो. त्याशिवाय हवा आत नेणारा मॅनिफोल्ड, सायलेन्सर, रेडिएटर, पेट्रोलच्या नळ्या, इंजिन चालवणारा संगणक आणि त्याची सगळी वायरिंग बांधणाऱ्यानेच जुळवलेली असते. इंजिनाचा गाभा कारखान्यात लाखोंनी बनलेला आणि रस्त्यावर तावून सुलाखून निघालेला, तर भोवतीचे सगळे जगात एकुलते एक. संशयाची पहिली दिशा यातूनच ठरते.

आता थोडा हिशेब मांडू. रोटरच्या प्रत्येक बाजूला घराच्या भिंतीशी एक पोकळी तयार होते, तोच दहनकक्ष. रोटरची एक फेरी होते तेव्हा मधल्या दंडाच्या तीन होतात, म्हणजे दंडाच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरमागे एक स्फोट. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात: लीडिंग आधी ठिणगी टाकतो, ट्रेलिंग क्षणभर मागून. दोन रोटर, प्रत्येकाच्या तीन बाजू, प्रत्येक बाजूसमोर येणारे दोन प्लग अशा दहनाच्या बारा घटना झाल्या. यातली खरी गंमत अशी की प्लग आणि इंजेक्टर रोटरच्या तिन्ही बाजूंना सारखेच वाढतात; एकीला देऊन दुसरीला उपाशी ठेवणे त्यांना शक्यच नाही. म्हणून एकच बाजू दुबळी असेल तर प्लग बदलून काहीही होणार नाही. दोष कक्ष हवाबंद ठेवणाऱ्या रोटरच्या सीलमध्ये आहे. एका रोटरच्या तिन्ही बाजू सारख्याच बिघडल्या असतील तर त्या रोटरचा प्लग, त्याची वायर, त्याचा इंजेक्टर, त्याच्याकडे जाणारी हवेची नळी यांकडे पाहावे. दोन्ही रोटर एकदम लडखडत असतील तर दोघांना सामाईक असलेले काहीतरी बिघडले आहे: पंप, पेट्रोलचा दाब, सेन्सर, अर्थिंग. इंजिन एकदाही न खोलता, फक्त बिघाड कितीजणांत वाटला गेला आहे एवढे कळल्याने निम्मी यादी गळून पडते.

मात्र त्याआधी एक प्रश्न निकालात काढावा लागतो. जाणवते आहे ते दहनातले अडखळणे आहे की निव्वळ यांत्रिक थरथर? पंख्याचे पाते किंचित जड असले, इंजिनाच्या माउंटचे रबर बसले किंवा गिअरबॉक्समध्ये कमी फेऱ्यांना कंप साचू लागला तरी वैमानिकाला खुर्चीत तसेच वाटते. हात किंवा पाठ यातला फरक ओळखेल असा पुष्कळांचा समज असतो, आणि इथेच आकडे त्यांना खोटे पाडतात. इंजिन ६००० फेऱ्यांवर आहे आणि गिअरबॉक्सचे प्रमाण २.८५ ला १ आहे असे धरा. पंखा मिनिटाला सुमारे २१०५ फेऱ्या घेईल. असंतुलित पाते तेवढेच धक्के देईल. एका रोटरची एक बाजू दुबळी असेल तर तिची पाळी दंडाच्या तीन फेऱ्यांत एकदा येते, म्हणजे मिनिटाला २००० वेळा. सेकंदाला ३५ आणि सेकंदाला ३३. हा फरक कोणत्याही माणसाच्या अंगाला कळणार नाही. तो परिस्थिती बदलूनच कळतो. थ्रॉटल मिटून विमान घसरणीला लावले आणि फेऱ्या फारशा न उतरता थरथर तशीच राहिली तर पंखा किंवा माउंट दोषी. ताकदीबरोबर ती कमीजास्त झाली तर दहन. सील खरोखर गेले असेल तर ते सुरू करतानाही लपत नाही, त्याकडे पुढे येऊच.

दहनच अडखळते आहे असे ठरले की पहिली तपासणी ठिणगीची, कारण तिला हत्यार लागत नाही. पिस्टनच्या विमानांत उड्डाणापूर्वी ठिणगी पुरवणारे दोन मॅग्नेटो आळीपाळीने बंद करून पाहतात. घरी बसवलेल्या रोटरीतही लीडिंग आणि ट्रेलिंगसाठी वेगळे स्विच ठेवलेले असतील तर तेच करता येते. लीडिंग प्लगाचे काम मोठे. ट्रेलिंग बंद केले तर फेऱ्या थोड्याच उतरतात, लीडिंग बंद केले तर इंजिन लक्षणीय खडबडते. हे निरोगी इंजिनाचे वागणे. ट्रेलिंग बंद करताच इंजिन कोसळले तर लीडिंगची बाजू आधीपासूनच आजारी होती आणि आतापर्यंत ट्रेलिंग तिला सावरून धरत होते. मूळ मोटारीत दोन्ही रोटरचे लीडिंग प्लग एकाच कॉइलवर चालतात. ती व्यवस्था तशीच ठेवली असेल तर दोन्हीकडचे लीडिंग एकत्र जाणे म्हणजे कॉइल किंवा तिला चेतवणारा भाग, आणि एकाच रोटरचे जाणे म्हणजे वायर किंवा प्लग. याच वेळी प्रत्येक रोटरच्या धुराड्यातले तापमान पाहावे. एक प्लग बंद पडला तर जाळ उशिरा पूर्ण होतो आणि धुराडे अधिक तापते. रोटर पुरता गप्प झाला तर ते थंड पडते. वाढलेले तापमान पाहून पुष्कळ जण मिश्रण पातळ झाले असे समजून पेट्रोल वाढवत बसतात, आणि खरा गुन्हेगार, मेलेला प्लग, तिथेच राहतो.

ठिणगी निर्दोष ठरली की हवा आणि पेट्रोल. इथे बिघाड कोणत्या अवस्थेत उगवतो हे सर्वांत बोलके असते. मॅनिफोल्ड कुठेतरी हवा पकडत असेल तर त्याचा त्रास आयडलला सर्वाधिक, कारण तेव्हा आत निर्वात जास्त असतो आणि चोरून येणारी हवा एकूण हवेच्या मानाने मोठी. थ्रॉटल पूर्ण उघडले की तोच दोष जवळजवळ नाहीसा होतो. पेट्रोलची फिल्टर जाळी तुंबलेली असेल तर नेमके उलटे: आयडल छान, पूर्ण ताकदीला उपासमार. यांच्या मधोमध एक तिसरी अवस्था आहे, जी रोटरीला नवख्या असलेल्या मेकॅनिकला चकवते. १३बी मध्ये प्रत्येक रोटरला दोन इंजेक्टर असतात. कमी ताकदीला प्राथमिक इंजेक्टर एकटा काम करतो आणि मागणी वाढली की दुय्यम त्याच्या जोडीला येतो. इंजिन खाली उत्तम, वर उत्तम आणि मधल्या एका ठरावीक टप्प्यावर मात्र झटके मारत असेल तर हस्तांतराची ती जागा तपासावी: दुय्यम इंजेक्टर तुंबलेला आहे, त्याची पिन सैल आहे किंवा संगणकाला दोन्ही इंजेक्टरांची क्षमता चुकीची सांगितलेली आहे. याची खात्री करण्याची युक्ती सोपी. मॅनिफोल्डचा तोच दाब वेगवेगळ्या फेऱ्यांना आणून पाहायचा. झटका दाबाला चिकटून राहिला तर इंजेक्टर. फेऱ्यांना चिकटून राहिला तर दंडाची जागा सांगणारा सेन्सर किंवा त्याच्या वायरीत घुसणारी प्लगच्या वायरींची विजेची खरखर. दोन्हींना न जुमानता पंधरा-वीस मिनिटांनी उगवला तर उष्णता: कव्हराखाली तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ किंवा गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल.

विजेबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. मोटारीत पत्र्याचे अंगच अर्थिंगचे काम करते, म्हणून वायर कुठेही बोल्टने टेकवली तरी चालून जाते. लाँग-ईझी किंवा कोझी यांसारखी घरी बांधायची विमाने फायबरग्लासची आहेत. त्यांच्या अंगातून वीज जातच नाही. प्रत्येक सेन्सरची परतीची वायर स्वतंत्रपणे एका जागी आणावी लागते, आणि पंपाचा जड प्रवाह त्याच वायरीतून परतत असेल तर पंप चालू होताच सेन्सरचे आकडे सरकतात. इंजिन निरोगी असते. संगणकाला चुकीचे ऐकू येते. दुसरी गोष्ट शिशाची. १३बी साध्या मोटारीच्या पेट्रोलवर आनंदाने चालते, पण दूरच्या विमानतळावर मिळते ते बहुधा १०० एलएल हे विमानाचे पेट्रोल, ज्यात लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. ते प्लगांवर साचते आणि धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर हळूहळू बाद करते. मग मिश्रणाचा काटा चुकीचे सांगू लागतो आणि बांधणारा त्याच्यावर भरवसा ठेवून चांगले जुळलेले मिश्रण बिघडवतो. लांबच्या प्रवासानंतर सुरू झालेल्या खडखडीत प्लग काढून पाहण्याआधी मिश्रणाला हात लावूच नये, असे माझे ठाम मत आहे.

या पद्धतीवर पहिला आक्षेप असा की एवढे तर्क कशाला. चार प्लग, दोन कॉइल नवीन टाका, वायरी बदला, मोकळे व्हा. सुटे भाग विमानाच्या मानाने खरेच स्वस्त आहेत. पण चार भाग एकदम बदलल्यावर खडखड थांबली तर ती कशाने थांबली हे कळत नाही, आणि सैल पिन हलल्यामुळे तात्पुरती जुळली असेल तर ती पुन्हा सुटेल तेव्हा विमान जमिनीवर असेलच असे नाही. शिवाय बदललेला प्रत्येक भाग नवीन चूक आत आणू शकतो. आरएक्स-७ च्या १९९० च्या दशकातल्या पिढीत लीडिंगला ७ आणि ट्रेलिंगला ९ उष्णता-क्रमांकाचे प्लग असतात. घाईत अदलाबदल झाली तर जुन्या दुखण्यावर नवे चढते. मोटारीच्या गॅरेजमधली आणखी एक सवय इथे जीव घेऊ शकते: चालू इंजिनावर वाकून वायर हलवून पाहणे, गळतीच्या जागी फवारा मारणे. इथे हातभर अंतरावर पंखा फिरत असतो. लाँग-ईझीसारख्या मागे पंखा असलेल्या विमानात तर इंजिन आणि पाती एकमेकांना खेटूनच असतात. म्हणून पुरावा दुरून गोळा करावा लागतो: फेऱ्या, दाब, धुराड्यांचे तापमान, पेट्रोलचा दाब यांची सलग नोंद ठेवायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आधीची व नंतरची नोंद शेजारी ठेवून वाचायची.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा. आजचे संगणक चालता चालता स्वतःच मिश्रण सुधारतात. मग माणसाने डोके का शिणवावे? संगणक सुधारतो ते त्याला दिसणाऱ्या आकड्यांवरून. एक रोटर उपाशी आणि दुसरा खाऊन सुस्तावलेला असेल, आणि ऑक्सिजन सेन्सर दोघांचा धूर एकत्र होतो तिथे बसवलेला असेल, तर सरासरी अगदी योग्य दिसेल आणि संगणक समाधानाने स्वस्थ बसेल. मिसफायरमध्ये तर तो चक्क उलट्या दिशेने जातो. न जळलेल्या मिश्रणातली हवा धुराड्यात आली की सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, संगणक मिश्रण पातळ आहे असे समजून पेट्रोल वाढवतो आणि ओला प्लग अधिकच भिजतो. म्हणून तपासाला बसण्याआधीच स्वयंसुधारणा बंद करावी.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि काही अंशी खरा आहे: रोटरी इंजिनच मुळात नाजूक. एनएसयूची रो ८० ही मोटार १९६७ साली आली, १९६८ ची युरोपातली सर्वोत्तम मोटार ठरली आणि टोकांच्या सीलच्या झिजेने कंपनीचे कंबरडे मोडले. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. माझदाच्या अभियंत्यांनाही घराच्या भिंतीवर सीलने ओरखडलेल्या खुणांशी वर्षानुवर्षे झुंजावे लागले. पण झुंज त्यांनी जिंकली. १९९१ मध्ये चार रोटरच्या माझदाने ल मान्सची २४ तासांची शर्यत मारली. आकाशातही वांकेल उपरा नाही. अमेरिकी सैन्याचे आरक्यू-७ शॅडो हे वैमानिकरहित विमान त्यावरच उडत असे आणि जर्मनीचे एएसएच २६ ई हे मोटरयुक्त ग्लायडरही त्यावरच उडते. पोटातले दोष होतात, यात शंका नाही. डेटोनेशनने, म्हणजे मिश्रण एकदम भडकून फुटल्याने, सील तुटते, जास्त तापल्याने लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या थरांमधले पाण्याचे सील जाते. त्यांना ओळखण्याच्या खुणा मात्र ठरलेल्या आहेत. साधा कॉम्प्रेशन गेज तिन्ही बाजूंपैकी सर्वांत चांगलीचाच दाब पकडून ठेवतो, म्हणून त्याची उलटी हवा अडवणारी झडप काढून काट्याच्या तीन उड्या पाहाव्या लागतात. दोन उड्या लहान आणि एक मोठी असेल तर टोकाचे सील, कारण एक टोक दोन कक्षांच्या मध्ये उभे असते. एकच लहान असेल तर बहुधा बाजूचे सील. सकाळी सुरू होताना एक रोटर गप्प, त्याचा प्लग ओला, गरम झाल्यावर सारे ठीक आणि पाण्याची पातळी उतरलेली असेल तर पाण्याचे सील. इंजिन पेट्रोलने ओव्हर झाले असेल तरी सीलवरचा तेलाचा थर धुऊन जाऊन कॉम्प्रेशन खोटेच कमी दिसते. म्हणून थोडे तेल टाकून, इंजिन फिरवून, मगच मोजावे. एवढे झाल्यावर आकडे वाईट निघाले तर इंजिन खोलायला कुणाची हरकत असणार?

उरते ती रोटरीची सहनशीलता, आणि मला ती गुणाइतकीच धोक्याची वाटते. टोकाचे सील गेले तरी हे इंजिन अनेकदा कमी ताकदीवर फिरत राहते. पिस्टनच्या इंजिनात रॉड तुटला तर असे होत नाही. याच भरवशावर थोडी खडखड घेऊन उडणारे असतात, वर गेल्यावर साफ होईल म्हणून. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या सामान्य विमानांच्या ताफ्यात ही विमाने जेमतेम १० टक्के, पण २०११ मधल्या एकूण अपघातांत सुमारे १५ आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के. कारणांत इंजिन आणि त्याच्या यंत्रणांचे निकामी होणे अग्रभागी, आणि पुष्कळ अपघात विमानाच्या आयुष्यातल्या पहिल्याच उड्डाणांत. मोटारीचे इंजिन बसवले की वस्तीपासून दूर, ठरवून दिलेल्या क्षेत्रात सहसा ४० तासांचे चाचणी-उड्डाण करावे लागते ते याचसाठी, आणि ते तास खडखड सोबत घेऊन मोजणे म्हणजे चाचणी नव्हे. त्या अभ्यासाने इंधन यंत्रणेची प्रत्यक्ष चाचणी करून तिची नोंद मागावी अशी शिफारस केली. प्रमाणित विमानांसाठीचा २०१७ पूर्वीचा अमेरिकी नियम पंपाच्या पुरवठ्याला कमाल गरजेच्या सव्वापट प्रवाह मागत असे. १६० अश्वशक्तीला १३बी तासाला निदान ५० लिटर पेट्रोल पिते. म्हणजे विमानाचे नाक चढणीच्या कोनात उचलून, टाकीत पेट्रोल कमीत कमी ठेवून, इंजिनाच्या तोंडाशी नळी सोडवून नेहमीच्या दाबाखाली मोजायचे: भांड्यात मिनिटाला निदान लिटरभराहून थोडे अधिक पडले पाहिजे, आणि ते दोन्ही पंपांवर, दोन्ही टाक्यांवर वेगवेगळे.